चहा परीक्षण

चहा परीक्षण : चहाची कोरडी पत्ती, तिच्यापासून ठराविक रीतीने काढलेला अर्क आणि अर्क काढल्यावर उरलेला चोथा यांचे डोळा, नाक व जीभ यांच्या साहाय्याने निरीक्षण करून चहाची प्रत ठरविण्याच्या पद्धतीस चहा परीक्षण म्हणतात. चहाच्या मळ्यात तयार झालेल्या मालातील दोष शोधणे, लिलावापूर्वी त्याचे मूल्य अजमावणे, निरनिराळ्या चहांचे मिश्रण तयार करणे आणि एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणाची चव वर्षभर सारखी राखणे, ही या परीक्षणाची मुख्य प्रयोजने होत. सुटा चहा विकत घेणारा किरकोळ दुकानदार, उपाहारगृहाचा चालक व सामान्य गृहस्थ यांनाही हीच पद्धत थोड्या फरकाने वापरता येते. सुट्या मालावर बागेचे नाव, प्रत वा तयार झाल्याची तारीख नसते. त्यामुळे ग्राहकाला आपल्या ज्ञानेंद्रियांवाचून दुसरे साधन सहसा उपलब्ध नसते.

इतिहास : चिनी लेखक लू यू याने आठव्या शतकात लिहिलेल्या चहाविषयक ग्रंथात पत्तीइतकाच पाण्याचा विचार केलेला आढळतो. डोंगरातील झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम व विहिरीचे कनिष्ठ, असा क्रम त्याने लावला आहे. भारतात रॉबर्ट ब्रूस यांना १८२३ मध्ये आसामात चहाची झाडे आढळली. आसामी चहाचा पहिला लिलाव १८३९ मध्ये लंडन येथे व कलकत्ता येथील पहिला लिलाव १८६१ मध्ये झाला. पुढे कोचीन (१९४७), कुन्नूर (१९६३), गौहाती (१९७०) व सिलिगुडी (१९७६) ही लिलाव केंद्रे निघाली. लंडनचा लिलाव १९९८ मध्ये बंद झाला. लिलावात माल प्रत्यक्ष मांडला जात नाही. दलाल व खरीददार आगाऊ मिळालेल्या नमुन्यांचे परीक्षण करून बोली ठरवितात. म्हणून परीक्षकाचा व्यवसाय लिलावाबरोबरच वाढला. अमेरिकेत १८९७ च्या कायद्याने आयात होणाऱ्या चहाची परीक्षा शासकीय परीक्षकांकडून करून घेणे बंधनकारक होते. ती व्यवस्था १९९६ मध्ये संपुष्टात आली. अर्क तयार करण्याच्या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ ३१०३) १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

चवीचा रासायनिक आधार : हिरवा, ऊलाँग व काळा हे सर्व चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच जातीच्या झुडुपापासून मिळतात. त्यांतील भेद मुख्यतः प्रक्रियेमुळे उत्पन्न होतो. कोवळ्या पानात कॅटेचिने या वर्गातील पॉलिफिनॉले विपुल असतात. पान कोमेजवून वळले वा चिरडले म्हणजे पेशी फुटतात व एंझाइमांच्या साहाय्याने कॅटेचिनांचे ऑक्सिडीभवन होते. त्यापासून थिआफ्लाविने व थिआरुबिगिने ही रंगद्रव्ये तयार होतात. थिआफ्लाविनांमुळे अर्काला सोनेरी झळाळी व तजेला येतो, तर थिआरुबिगिनांमुळे तांबूस-तपकिरी रंग व भरदारपणा येतो. ऑक्सिडीभवन फार लांबले, तर थिआफ्लाविने घटतात व अर्क गडद पण निस्तेज होतो. गडद रंग म्हणजे कडक चहा, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत यामुळेच अपुरी ठरते.

हिरव्या चहात पान आरंभीच वाफेने वा तापलेल्या कढईत गरम करून एंझाइमे निष्क्रिय केली जातात. म्हणून कॅटेचिने बहुतांशी टिकून राहतात. ऊलाँगमध्ये ऑक्सिडीभवन अर्धवट होऊ देतात. कोरड्या पत्तीत कॅफीन सामान्यतः २ ते ४ टक्के असते. त्याने किंचित कडवटपणा व उत्तेजकता येते. थिआनीन या ॲमिनो अम्लामुळे, विशेषतः हिरव्या चहात, गोडसर-रुचकर चव जाणवते. तुरटपणा ही मात्र काटेकोर अर्थाने चव नव्हे. पॉलिफिनॉलांचा लाळेतील प्रथिनांशी संयोग होऊन तोंडाच्या आतील आवरणाला होणारी ती स्पर्शसंवेदना होय. उत्तम काळ्या चहाचा अर्क थंड होताना गढूळ दिसू लागतो. कॅफीन व पॉलिफिनॉले यांचा अल्पविद्राव्य संयोग होऊन हा साका येतो. परीक्षक त्यास दोष न मानता अर्काच्या सामर्थ्याचे लक्षण समजतात.

परीक्षणाची पद्धत : आंतरराष्ट्रीय मानकानुसार दर १०० मिलि. पाण्यास २ ग्रॅ. पत्ती घेतात. चिनी मातीच्या वा लुकण दिलेल्या पांढऱ्या भांड्यात पत्ती टाकून त्यावर नुकतेच उकळलेले पाणी ओततात व झाकण ठेवून ६ मिनिटे मुरू देतात. नंतर अर्क पांढऱ्या वाटीत गाळून घेतात आणि चोथा उलट्या केलेल्या झाकणावर ठेवतात. व्यापारी परीक्षणात पूर्वी इंग्रजी सहा पेन्सांच्या नाण्याइतकी, म्हणजे सु. २.८ ग्रॅ. पत्ती एका भांड्यास घेण्याचा प्रघात होता. मुरविण्याचा काळ ५ किंवा ६ मिनिटे, कोणताही ठेवला तरी चालतो. तुलनेतील सर्व नमुन्यांना तो सारखाच असणे अत्यावश्यक असते.

नमुने एका ओळीत मांडून प्रत्येकापुढे कोरडी पत्ती, चोथा व अर्क ठेवतात. प्रकाश सूर्याचा पण अप्रत्यक्ष असावा. सौम्य चहाकडून कडक चहाकडे या क्रमाने परीक्षक जातो, कारण कडक चहाचा तुरटपणा पुढील घोटापर्यंत रेंगाळतो. चमच्याने घेतलेला अर्क तो मोठ्याने आवाज करीत ओढून घेतो. त्यामुळे अर्क तोंडभर पसरतो आणि त्यातील बाष्पनशील द्रव्ये घशाच्या मागील बाजूने नाकापर्यंत पोहोचतात. आपण ज्याला स्वाद म्हणतो त्याचा मोठा भाग या वासाचाच असतो. सर्दी झाली असता चहा बेचव लागतो तो याच कारणाने. घोट गिळत नाहीत. शेजारच्या पिंकदाणीत टाकतात. तंबाखू, विडा, मसालेदार जेवण व उग्र सुगंध परीक्षणापूर्वी वर्ज्य समजतात.

निकष व परिभाषा : कोरड्या पत्तीत आकाराचा सारखेपणा, रंग, वजनदारपणा व काड्यांचे प्रमाण पाहतात. सोनेरी टोके कोवळ्या कळ्यांची निदर्शक असतात; परंतु ती असली म्हणजे अर्क चांगलाच असेल, असे नव्हे. चोथा तांब्याच्या नव्या भांड्यासारखा उजळ असावा. काळपट किंवा हिरवट ठिपके असलेला चोथा प्रक्रियेतील दोष दाखवितो. अर्काच्या बाबतीत रंग, झळाळी, तजेला, भरदारपणा, तुरटपणा व सुगंध यांची नोंद करतात. 'ब्रिस्क' म्हणजे जिभेला टवटवी देणारा व 'माल्टी' म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवासारख्या गोडसर वासाचा अर्क होय. तजेला नसलेल्या अर्कास 'सपाट' म्हणतात. जुना किंवा दमट झालेला चहा असा लागतो. वाळविताना उष्णता जास्त झाल्यास करपट वास येतो, तर भट्टीतून धूर झिरपल्यास धुरकट वास येतो. चहा बाहेरचे वास अतिशय लवकर शोषून घेतो. म्हणून साबण, रॉकेल, हिंग, मसाले वा उदबत्ती यांच्या शेजारी ठेवलेल्या सुट्या चहात तो तो वास उतरतो. किराणा दुकानातील सुट्या चहाचा हा सर्वांत सामान्य दोष होय.

चहाचे प्रकार व त्यांची तुलना : काळ्या चहाच्या तयार करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पारंपरिक म्हणजे ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान वळून पिळले जाते व पत्तीचा आकार बऱ्याच अंशी टिकतो. दुसरी सीटीसी पद्धत विल्यम मॅकर्चर यांनी १९३० मध्ये आसामातील अमगुडी येथे शोधून काढली. तीत दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून व गुंडाळून त्याचे दाणे बनवितात. दाण्यांचा अर्क लवकर व गडद उतरतो, दुधात टिकतो आणि कमी पत्तीत अधिक कप होतात. भारतात तयार होणाऱ्या चहापैकी बहुतांश चहा आज सीटीसी असतो. ऑर्थोडॉक्स चहाच्या ऑरेंज पेको, ब्रोकन ऑरेंज पेको, फॅनिंग्ज व डस्ट या प्रती मुख्यतः आकारावरून पडतात. त्या चवीच्या श्रेणी नव्हेत. बारीक भुकटीचा पृष्ठभाग जास्त असल्याने ती लवकर रंग सोडते, एवढाच तिचा विशेष.

आसामचा चहा भरदार, माल्टगंधी व दुधास योग्य असतो. मे-जूनमधील दुसऱ्या बहराचा माल त्यात श्रेष्ठ गणला जातो. दार्जिलिंगचा चहा फिकट व सुगंधी असतो. मार्च-एप्रिलच्या पहिल्या बहरात त्याला फुलांचा ताजा वास, तर दुसऱ्या बहरात मस्कत द्राक्षांची आठवण करून देणारा सुगंध येतो. भारतातील पहिले भौगोलिक उपदर्शन २००४ मध्ये दार्जिलिंग चहालाच मिळाले. निलगिरीचा चहा स्वच्छ व टवटवीत लागतो. तेथील हिवाळी माल विशेष सुगंधी असतो. द्वार व तराई भागांतील चहा रंगास चांगला असून मिश्रणांत वापरला जातो. हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात काळ्या चहाबरोबर हिरवा चहाही होतो. हिरव्या चहाचा अर्क उकळत्या पाण्यात कडवट होतो; व्यवहारात त्याला ७० ते ८० °से. तापमानाचे पाणी व २-३ मिनिटांचा काळ योग्य समजतात. निरनिराळ्या वर्गांतील चहा एकाच मापाने तोलणे सयुक्तिक नाही. दार्जिलिंग चहा दूध-साखर घालून उकळल्यास त्याचा सुगंध उडून जातो व तो आसामी दाण्यापुढे पांचट ठरतो. उलट आसामी दाणा दुधाविना फार तुरट वाटतो.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती : महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील या कापसाच्या जिल्ह्यात चहाची लागवड होत नाही. चहाच्या झुडुपाला अम्लधर्मी, निचऱ्याची जमीन आणि वर्षाच्या बहुतेक महिन्यांत विभागलेला पाऊस लागतो. येथील काळी जमीन अल्कधर्मी व पाणी धरून ठेवणारी आहे; पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळातच पडतो व उन्हाळा अतिशय कडक असतो. तेव्हा येथील सर्व चहा बाहेरून येतो. घरोघरी व टपऱ्यांवर पत्ती, साखर, पाणी व दूध एकत्र उकळून, पुष्कळदा आले वा गवती चहा घालून, पेय तयार करतात. दूध नसलेल्या पेयास कोरा किंवा काळा चहा म्हणतात. गवती चहा हे सुगंधी गवत असून त्याचा चहाच्या झुडुपाशी काहीही संबंध नाही. त्याच्या वासाखाली शिळ्या पत्तीचा दोष मात्र सहज झाकला जातो. म्हणून नवा माल पारखताना पहिला कप आले, वेलची व गवती चहा यांच्याविना करावा.

चहाच्या तुलनेत पाण्याचे महत्त्व किती, हे या जिल्ह्यात विशेष स्पष्ट होते. जिल्ह्याचा बराच भाग दख्खन ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला असून पूर्वेकडील वणी परिसरात चुनखडक व कोळसाधारी स्तर आढळतात. कॅल्शियम बायकार्बोनेटयुक्त कठीण पाण्यात केलेल्या कोऱ्या चहावर तवंग येतो व अर्क मंद दिसतो. त्यात लिंबाचे थेंब टाकताच तवंग विरतो व रंग उजळतो. याउलट सोडियम बायकार्बोनेटयुक्त अल्कधर्मी पाण्यात थिआरुबिगिनांचा रंग एकदम गडद होतो. असे पाणी वापरल्यास सामान्य पत्तीही कडक भासते. खाण्याचा सोडा चिमूटभर टाकून चहाला रंग आणण्याची युक्ती याच तत्त्वावर आधारलेली आहे. तीच पत्ती दोन गावांच्या पाण्यांत अगदी निराळी दिसते ती या कारणाने. म्हणून चहा जेथे प्यावयाचा, तेथील पाण्यातच त्याची परीक्षा करणे योग्य ठरते.

पाण्याचा प्रश्न केवळ चवीपुरता राहत नाही. पांढरकवडा परिसरातील काही विंधण विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडाचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड दर लिटरला १ मिग्रॅ.पर्यंत इष्ट असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिग्रॅ.पर्यंत चालते. याहून अधिक फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधे ताठरतात. या विकारास फ्लोरोसिस म्हणतात. कॅल्शियम कमी व बायकार्बोनेट जास्त असलेल्या भूजलात फ्लोराइड अधिक विरघळून राहते. असे पाणी गोडे लागते आणि त्यात चहाचा रंगही चांगला उतरतो. अर्थात रंग वा चव यांवरून फ्लोराइड ओळखता येत नाही. त्यासाठी पाण्याची रासायनिक तपासणीच करावी लागते.

चहाचे झुडूप जमिनीतील फ्लोराइड पानात साठविते. जून पानात ते कोवळ्या पानापेक्षा पुष्कळ जास्त असते व त्याचा बराच अंश अर्कात उतरतो. त्यामुळे जून पानाची हलकी पत्ती भरपूर घालून उकळलेला चहा दूषित पाण्याच्या दोषात भरच घालतो. उकळल्याने फ्लोराइड नाहीसे होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते. उदा., दर लिटरला २ मिग्रॅ. फ्लोराइड असलेले एक लिटर पाणी पाऊण लिटरपर्यंत आटविल्यास तीव्रता सु. २.७ मिग्रॅ. होते, पत्तीतून उतरणारे फ्लोराइड त्याहून वेगळे. अशा गावांत चहासाठीही तपासलेलेच पाणी वापरावे व लहान मुलांना कोरा चहा देऊ नये. फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी व चुना यांचा वापर करणारी नालगोंडा पद्धत नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली आहे. क्रियाशील ॲल्युमिनाचे गाळण हा दुसरा मार्ग होय.

घरगुती तुलना : चमच्याच्या मापाने तुलना करणे फसवे असते, कारण सपाट चमचाभर दाणेदार चहा मोठ्या पत्तीच्या चहापेक्षा वजनाला बराच जास्त भरतो. पत्ती वजनानेच घ्यावी. दोन-तीन ग्रॅम अचूक तोलण्यास किराण्याचा तराजू उपयोगी पडत नाही. सोनाराचा काटा चालतो. तोही नसल्यास ५० ग्रॅ. चहाच्या अंदाजाने २५ सारख्या ढिगल्या कराव्या, म्हणजे प्रत्येक ढिगली सु. २ ग्रॅ. होते. कप पांढरे व एकाच घडणीचे घ्यावे. प्रथम केवळ अर्क व नंतर सर्व कपांत सारखे दूध घालून चव घ्यावी. दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफिनॉलांशी संयोग पावून तुरटपणा कमी करते. दूध घातल्यावर चांगल्या चहाचा रंग तांबूस-सोनेरी दिसतो, तर निकृष्ट चहाचा राखी वा मातकट दिसतो.

परीक्षकाला नमुन्यांची किंमत व नाव आधी कळू देऊ नये. महाग म्हणून सांगितलेला चहा मनाला चांगलाच लागतो. दोन चहांत खरोखर फरक जाणवतो की नाही हे पाहण्यासाठी तीन कप मांडून त्यांपैकी दोहोंत एकच चहा ठेवतात व वेगळा कप ओळखावयास सांगतात. एकदा बरोबर ओळखल्याने फारसे सिद्ध होत नाही, कारण निव्वळ तर्काने ते तिनांत एकदा घडते. सहा वेळांपैकी किमान पाच वेळा तर्काने बरोबर येण्याची शक्यता मात्र ७२९ मध्ये १३ म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी असते. तेव्हा असा निकाल विश्वसनीय मानता येतो.

किंमतीचा विचार किलोवर न करता कपावर करावा. एका चहाची २ ग्रॅ. पत्ती जे काम करते त्यास दुसऱ्याची ३ ग्रॅ. लागत असेल, तर पहिल्याच्या एका किग्रॅ.मध्ये ५०० व दुसऱ्याच्या सु. ३३३ कप होतील. म्हणजे पहिल्याचा भाव दीडपट असला तरी तो महाग ठरत नाही. आठवडी बाजारात दिवसाला काही किलो दूध व थोडी पत्ती यांवर संसार चालविणाऱ्या टपरीवाल्याच्या हिशेबात हा फरक लहान नसतो. नेमका येथेच स्वस्त, रंगीत मालाचा मोह पडतो.

भेसळ व तिची ओळख : वापरलेला चोथा वाळवून रंग देऊन पुन्हा विकणे, हरभऱ्याची वा काजूची टरफले मिसळणे व कृत्रिम रंग चढविणे हे सुट्या चहातील भेसळीचे नेहमीचे प्रकार होत. भारतात चहाला कृत्रिम रंग देण्यास मनाई आहे. अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ हा कायदा २०११ पर्यंत लागू होता. त्यानंतर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ त्याच्या जागी आला. मानकानुसार चहातील एकूण राख ४ ते ८ टक्के व पाण्यात उतरणारा अर्क किमान ३२ टक्के असावा लागतो. एकदा वापरलेल्या पत्तीत हा अर्क उरत नाही. म्हणून चोथ्याची भेसळ प्रयोगशाळेत या कसोटीने उघडकीस येते.

घरी करता येण्याजोग्या कसोट्या सोप्या आहेत. थंड पाण्यात टाकताच पत्तीने गडद रंग सोडला तर संशय घ्यावा. शुद्ध पत्तीचा रंग थंड पाण्यात सावकाश उतरतो. ओल्या टीपकागदावर पत्ती पसरून काही वेळाने उचलल्यास कृत्रिम रंगाचे तांबडे-पिवळे डाग उमटतात. पत्तीवरून लोहचुंबक फिरविल्यास लोखंडाचा चुरा चिकटतो. यंत्रांच्या झिजेमुळे त्याचा अल्प अंश शुद्ध चहातही आढळू शकतो. या कसोट्या केवळ सूचक असून कायदेशीर निर्णयासाठी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यामार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

साठवण : चांगल्या चहात ओलावा अल्प असतो. तो वाढला की सुगंध जातो, अर्क सपाट होतो व बुरशीही येऊ शकते. पावसाळ्यात उघड्या पोत्यातील वा सैल झाकणाच्या बरणीतील चहा लवकर बिघडतो. म्हणून सुटा चहा पंधरवड्यास पुरेल इतकाच घेऊन घट्ट झाकणाच्या, कोरड्या व वासरहित डब्यात, उजेड आणि चूल यांपासून दूर ठेवावा. जुन्या पत्तीत नवी मिसळू नये. जुनीचा वास नवीस लागतो आणि पुढील खरेदीच्या वेळी तुलनेसाठी शुद्ध नमुना उरत नाही. [→ चहा].